आमच्या चाळीतला खोटा गोरा

परदेशी माणसाला घरात ठेवून घेण्याआधी त्याचा देश नकाशात कुठे आहे ते बघून ठेवावं, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो. कुणी विचारत नाही, तरी सांगतो. वॉल्टर आमच्याकडे राहायला आला तेव्हा मी ते बघितलं नव्हतं. पुढे अख्ख्या गिरगावाने मला "बेल्जियम म्हणजे नेमकं कुठे हो, केळुसकर?" असं विचारलं आणि मी प्रत्येकाला "फ्रान्सच्या वर" एवढंच सांगत राहिलो. जसं काही ते फ्रान्सच्या पोटमाळ्यावर आहे.

त्याला माझ्या गळ्यात घातला आमच्या ऑफिसातल्या ग्रेसीने. मी विमा कंपनीत आहे. समोर आलेला माणूस किती वर्षं टिकेल याचा अंदाज बांधणं हा माझा धंदा, त्यामुळे माणसं मला कळतात असा माझा समज होता. ग्रेसी आमची टायपिस्ट, राहते खोताच्या वाडीत. वॉल्टर तिच्या घरी आठवडाभर राहिला होता. वय तेवीस-चोवीस, परळच्या एका गिरणीत बेल्जियमहून आलेले नवे माग बसवायला आलेला. गिरणीने त्याची सोय प्रभादेवीच्या बंगल्यात केली होती, पण तिथले इंग्रज साहेब रोज जेवताना बेल्जियन माणसावरचे विनोद सांगत. सगळ्या विनोदांत बेल्जियन माणूस मूर्ख. वॉल्टर वर्षभर हसला, मग चर्चमध्ये जाऊन खोली शोधायला लागला.

"पोरगा वाईट नाही हो," ग्रेसी म्हणाली, "पण मम्मीला वाटलं युरोपचा आहे म्हणजे व्हायोलिन वाजवील. निदान नाचेल तरी. हा नुसता बसतो आणि भात खातो. रविवारी काय करायचं अशा माणसाचं?"

नुसता बसून भात खाणारा माणूस मला बरा वाटला. आमच्या पंडितांच्या चाळीत मागची खोली रिकामी होती. संध्याकाळी तो आला, चप्पल दाराबाहेर काढली आणि माझ्या बायकोला, कालिंदीला म्हणाला, "वहिनी, माका चाय नको, पानी होया."

आता इथे थोडं सांगायला हवं. परळचे विणकर बहुतेक मालवणी. दिवसभर त्यांच्यात काम करून हा मराठी शिकला, म्हणजे मालवणी शिकला. मीही मूळचा तिकडचाच, केळुसचा, पण गेली कित्येक वर्षं मी घराबाहेर, आणि पाहुणे असले तर घरातही, पुस्तकात छापतात तसं मराठी बोलतो. ते मी कष्टाने कमावलेलं आहे. आणि हा गोरा माझ्याच दारात उभा राहून माझ्या आजीसारखा बोलत होता. कालिंदी पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला, हे मला कळलं.

"बंगल्यात परत जाऊचा नाय," खोली बघून झाल्यावर तो म्हणाला. "हंय जमला नाय, तर मी घराक जातलंय. बेल्जियमाक." हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

चाळीने पहिले काही दिवस त्याला इंग्रज मानला. पोरं सलाम ठोकायची. मग कुणीतरी म्हणालं, वॉल्टर हे नाव जर्मन आहे. झालं. जर्मन म्हणजे यंत्राचा देव. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दाराशी बिघडलेले स्टो, शिलाईची मशिनं, भिंतीवरची घड्याळं आणि एक कोल्हापूरहून आणलेला पाणी तापवायचा बंब अशी रांग लागली. वॉल्टर सांगत होता की त्याला फक्त माग कळतो. पण जर्मन माणसं कमी बोलतात आणि स्वतःची बढाई मारत नाहीत, हेही चाळीला ठाऊक होतं, त्यामुळे तो जितकं नाही म्हणाला तितका त्याच्यावरचा विश्वास वाढत गेला. त्याने एक स्टो उघडला. तो अजून उघडाच आहे.

शेवटी मी गॅलरीत उभं राहून जाहीर केलं की तो जर्मन नाही, बेल्जियन आहे. मला वाटलं, आता प्रश्न मिटेल. बेल्जियमबद्दल कुणाला काय माहीत असणार?

आमच्या शेजारच्या राधाबाईंना माहीत होतं. "बेल्जियम म्हणजे काच," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंनी लग्नात दिलेला आरसा बेल्जियमचा आहे. अस्सल. त्याला दाखवते."

मी नको म्हणालो होतो, हे मी इथे नमूद करतो. राधाबाईंनी तो आरसा दोघांकडून उचलून आमच्याकडे आणवला. मागे अर्धी चाळ. वॉल्टरने आरसा बघितला, उलटा केला, मागच्या लाकडी फळीवर कागदाचा एक तुकडा चिकटलेला होता तो वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो जपानी."

राधाबाई आरसा तसाच उचलवून परत घेऊन गेल्या. त्या आरशाच्या जोरावर त्यांनी तीन सुनांना दबून राहायला लावलं होतं. संध्याकाळी त्यांच्या धाकट्या सुनेचं हसणं मला भिंतीतून ऐकू आलं.

"खोटं सांगायला काय झालं होतं रे तुला?" मी त्याला विचारलं.

"तेनी विचारला म्हनून सांगितलंय."

"विचारलं म्हणून सांगायचं नसतं. विचारलं म्हणजे हो म्हणायचं असतं."

तो विचारात पडला. हे त्याला कुठल्या विणकराने शिकवलं नव्हतं.

यानंतर आला पोलीस कचेरीचा कागद. परदेशी माणसाने मुक्काम बदलला की नोंद करावी लागते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याला घेऊन गेलो. तिथला अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाला, "मिशनरी आहे?"

"नाही."

"कम्युनिस्ट?"

"नाही हो. माग बसवतो."

"मग गिरगावात चाळीत कशाला राहतो?"

"त्याला माणसं आवडतात," मी म्हणालो.

अधिकाऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच ते खोटं वाटायला लागलं. दिवसही तसेच होते. दर दोन दिवसांनी कुठेतरी सभा, मोर्चा, अश्रुधूर. मुंबईसकट महाराष्ट्र मिळेपर्यंत गिरगावात एकही भिंत कोरी राहू द्यायची नाही असा चंग बांधलेला. अशा ठिकाणी स्वखुशीने येऊन राहणारा गोरा म्हणजे काहीतरी भानगड. "चाळीच्या समितीचं पत्र आणा," अधिकारी म्हणाला. "माणूस चांगला आहे, त्याच्या राहण्याला चाळीची हरकत नाही, असं. नाहीतर त्याला गिरणीच्या बंगल्यात परत जाऊ दे."

समितीचे अध्यक्ष बाबुराव. म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. नळ सोडणं आणि बंद करणं यात आयुष्य गेल्यामुळे समोरच्याला थोडा वेळ कोरडा ठेवण्याची त्यांना सवय आहे.

"पत्र ना? देऊ की," ते म्हणाले. "शिक्का माझ्याच कपाटात आहे. पण केळुसकर, यंदा गणपतीतल्या नाटकात कलेक्टर आहे. इंग्रज कलेक्टर. बाकीच्या चाळींत पावडर लावून गोरे करतात. आपल्याकडे खराखुरा असताना आपण पावडर लावायची?"

"त्याला नाटकातलं काही येत नाही हो."

"गोऱ्याला गोरा व्हायला काय यायला लागतं?"

हे मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं.

अडचण एकच होती, ती म्हणजे दौलत. दौलत पोस्टात असतो, रंगाने चांगला काळासावळा, आणि आमच्या चाळीच्या नाटकातला गोरा म्हणजे दौलत हे आम्हा सगळ्यांच्या जन्माआधीपासून ठरल्यासारखं होतं. कानापर्यंत सफेदा, बुटांचा खाडखाड आवाज आणि "टुम काला आडमी हमारा हुकूम नाय मानटा?" असं म्हणून वेताची छडी टेबलावर आपटली की बायका पोरांचे डोळे झाकत. त्याला आता बाजूला करून बाबुरावांनी वर त्यालाच सांगितलं की नव्या माणसाला तूच शिकव.

तालमी माझ्याच खोलीत सुरू झाल्या. नाटकातला कलेक्टर एका खेड्यातल्या शाळामास्तराला, शाळेत मराठी कविता म्हणून घेतल्याबद्दल छडीने मारतो, असा प्रवेश होता. मास्तर झाले होते पहिल्या मजल्यावरचे शामराव. वॉल्टरने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मास्तर, तुवां माजो हुकूम मोडलंस."

शामराव आधी हसले. मग आम्ही सगळे.

"कलेक्टर वेंगुर्ल्याचा आहे का?" बाबुराव म्हणाले.

"तोंड वाकडं कर," दौलत म्हणाला. "तचा ट कर. दचा ड कर. गोरा असं सरळ बोलत नाही कधी."

"पन माका त येता," वॉल्टर म्हणाला.

"येत असेल. लोकांना नको आहे तो."

"पन मी गोरो आनि मी तर बोलतंय."

"तू कुठला गोरा?" दौलत वैतागून म्हणाला. "मी इतकी वर्षं गोरा करतोय. मला विचार."

दौलतचं अगदीच चूक होतं असं मला म्हणता येईना. दहा दिवसांत त्याने वॉल्टरला छाती काढून चालायला, भुवया वर करायला आणि नोकराकडे न बघता हात पुढे करायला शिकवलं. वॉल्टर तो हात पुढे करून नंतर "थँक यू" म्हणत असे. ते त्याचं शेवटपर्यंत सुटलं नाही.

एका तालमीत त्याने छडी खाली ठेवली आणि विचारलं, मास्तराला मारायलाच हवं का. मग सांगायला लागला. त्याच्या देशात दोन भाषा. गावातले कामगार एक बोलत, गिरणीचे मालक दुसरी. त्याचा बाप मालकासमोर टोपी काढून उभा राही आणि कळत नसलेल्या भाषेत शिव्या खाई. त्याचा आजा लढाईत होता, तिथे हुकूमसुद्धा त्या दुसऱ्या भाषेत. कळला नाही तर मेलास. अजून भांडण चालू आहे, तो म्हणाला, अगदी तुमच्यासारखं.

मला खरंच वाटलं की आता काहीतरी होईल.

"म्हणजे तुमचंही द्विभाषिकच की," बाबुराव म्हणाले. "वा. हे मी अध्यक्षीय भाषणात घालतो. बरं, आता मिशी लावून बघू."

वॉल्टरने मिशी लावून घेतली. पत्र हवं होतं त्याला.

नाटकाच्या दिवशी आरती आटोपली, पडद्यामागे रंगवायला लालबागचा गुणाजी आला. गुणाजी या कामातला जुना. त्याने वॉल्टरची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे फिरवलं. गिरणीच्या आवारात उन्हातून फिरून वॉल्टर एव्हाना विटेच्या रंगाचा झाला होता.

"ह्यो गोरा हाय?" गुणाजीने मला विचारलं.

"हो. अस्सल."

"दिसत नाय." त्याने डबा उघडला आणि त्याच्या तोंडाला सफेदा फासायला सुरुवात केली. वॉल्टर डोळे मिटून बसला. मी म्हणालो, थोडा कमी चालेल. गुणाजी म्हणाला, "शेवटच्या रांगेला पन पैचान पटाया होवी, शेट." लाल मानेवर पांढरं तोंड असा तो उभा राहिला तेव्हा आपण काय करून बसलो आहोत हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

वॉल्टरचा प्रवेश झाला. पुढची पोरं मागे सरकली. मी विंगेत उभा होतो, छाती अभिमानाने थोडी फुगली असेल. मग तिसऱ्या-चौथ्या रांगेतून कुजबूज सुरू झाली. डोळे घारे, नाक सरळ, उच्चार स्वच्छ.

"कोण रे हा?"

"रत्नागिरीकडचा असणार. घारा पोरगा आणलाय कुठूनतरी."

"फसवतात साले. गोरा म्हणून कोकणस्थ उभा केलाय."

"दौलत कुठाय?"

वॉल्टर घाबरला. घाबरल्यावर दौलतने शिकवलेला ट विसरला आणि त्याला त्याची स्वतःची भाषा आली, म्हणजे मालवणी. "मास्तर, हात फुडे कर," तो म्हणाला. शामरावांनी हात पुढे केला. वॉल्टरने छडी उचलली, शामरावांच्या हाताकडे बघितलं, छडी हळूच त्या हातावर टेकवली आणि म्हणाला, "माफ करा हां."

मंडपात जो हशा उसळला त्याच्यात आमच्या नाटकातला सगळा जुलूम वाहून गेला. आणि तेवढ्यात दुसऱ्या विंगेतून बुटांचा खाडखाड आवाज करीत दौलत आला. कानापर्यंत सफेदा, डोक्यावर टोप. तो घरूनच तयार होऊन आला होता. "टुम हटो," तो वॉल्टरला म्हणाला, छडी हिसकून घेतली, टेबलावर आपटली आणि लोकांनी टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. खरा गोरा आला होता.

वॉल्टर माझ्याजवळ विंगेत येऊन उभा राहिला. दौलतचं काम त्याने शेवटपर्यंत बघितलं. "चांगला करता," तो म्हणाला. घामाने त्याच्या तोंडावरचा सफेदा ओघळून मिशीत अडकला होता.

पत्राचा विषय समितीच्या बैठकीत निघाला. राधाबाई समितीत नव्हत्या, पण त्या दाराशी येऊन बसल्या होत्या, आणि त्या बसल्या म्हणजे समितीची संख्या पूर्ण होते. बाबुराव म्हणाले, माणूस चांगला आहे यात वाद नाही, पण लेखी द्यायचं म्हणजे जबाबदारी. इंग्रज नाही, जर्मन नाही, गोराही वाटत नाही, मग आहे कोण? उद्या पोलिसांनी विचारलं तर काय सांगायचं? "केळुसकर, तुमच्या घरात राहतो. तुम्ही सांगा तो कसा आहे."

मी उभा राहिलो. सांगण्यासारखं होतं. तो सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आमचंही पाणी भरून ठेवायचा. कालिंदीला ताप आला तेव्हा पेज याने केली, विणकराच्या बायकोकडून शिकून घेतलेली. पण चारचौघांत उभं राहिल्यावर माझ्या तोंडात माझं ते छापील मराठी आलं. "बेल्जियन लोक," मी म्हणालो, "हे स्वभावतः शांत, मेहनती आणि सत्यप्रिय असतात."

"सत्यप्रिय," राधाबाई दारातून म्हणाल्या. एवढंच.

पत्र पुढच्या बैठकीवर गेलं. पुढची बैठक दिवाळीनंतर. कचेरीने दिलेली मुदत पितृपक्षातच संपत होती. वॉल्टर त्याआधीच पेटी घेऊन बंगल्यात गेला. कालिंदीने त्याच्याबरोबर कोकमाच्या सोलांची बरणी दिली. मी ऑफिसात होतो, म्हणजे त्या दिवशी मुद्दाम तिथेच थांबलो.

त्याचे दोन सदरे धोब्याकडे राहिले होते. ते आल्यावर रविवारी घेऊन मी प्रभादेवीला गेलो. बंगल्यासमोर समुद्र, आत पंखे. गिरणीचा मॅनेजर, रूपर्ट नावाचा, व्हरांड्यात पाय लांब करून बसला होता. वॉल्टर बाजूला, इस्त्रीच्या कपड्यांत. मला खुर्ची मिळाली. सरबत मिळालं, कारण मी चहा घेणार नाही असं रूपर्टने स्वतःच ठरवलं होतं. मी साप पाळतो का, असं त्याने विचारलं नाही, पण नजर माझ्या पिशवीवर होती.

"तुम्ही वॉल्टरचे घरमालक," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमच्याकडे सगळ्यांना हात बघता येतो, नाही का?"

मी विम्यातला माणूस. हातावरच्या रेघांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी तसं सांगणार होतो. पण रूपर्ट पुढे म्हणाला, "मग सांगा, या पोराला ठेवू की परत पाठवू? आंदोलनवाल्यांच्या चाळीत जाऊन राहिलेला माणूस. वर कळवायचं आहे मला."

मी खुर्ची पुढे ओढली. त्याचा हात हातात घेतला, डोळे थोडे मिटले, तोंडातल्या तोंडात मारुतीस्तोत्र पुटपुटलो. माझ्या आयुष्यात मी इतका हिंदू कधी दिसलो नसेन. पोट, नाकावरच्या लाल शिरा, पिवळी बोटं यांवरून जे विम्याच्या कागदावर लिहिलं असतं ते त्याला मंगळ आणि शनीच्या नावाने सांगितलं. तो चकित झाला. मग म्हणालो, "तुमच्या हाताखाली एक तरुण माणूस आहे. थंड देशातला. तो आहे तोवर यंत्रं नीट चालतील. त्याला सोडू नका."

रूपर्ट खो खो हसला. "ऐकलंस वॉल्टर? तुझ्या पंडिताने तुझी नोकरी वाचवली. राहा बाबा."

वॉल्टर समुद्राकडे बघत होता. "मी शुक्रवारीच बेल्जियमला तार केलीय," तो म्हणाला, तेही इंग्रजीत, रूपर्टलाही समजावं म्हणून. "पुढच्या बोटीने जातोय."

रूपर्टचा हात अजून माझ्या हातातच होता. तो कुठे ठेवावा मला कळेना. "आणि आयुष्य किती?" रूपर्टने विचारलं. मी भरपूर सांगितलं.

बसच्या थांब्यापर्यंत वॉल्टर पोचवायला आला. बराच वेळ बस आली नाही.

"घराक गेलंय की समदी विचारतली," तो म्हणाला, "वाघ बगलंस? हत्तीवर बसलंस? काय सांगू?"

"बसलो म्हणून सांग," मी म्हणालो. "ऐकणाऱ्याला बरं वाटतं."

"तुमी आज हात बगितलात तसा?"

"तसंच."

त्याने मान हलवली. हे आता त्याला कळलं होतं. बस आली, मी चढलो, खिडकीतून वळून बघितलं. इतके महिने तो घरातून बाहेर पडताना "येतंय हां" म्हणायचा, आमच्यासारखंच. आता थांब्यावर त्याने पाय जुळवले, दोन्ही हात छातीशी जोडले, डोळे मिटले आणि मान पार खाली घातली. आमच्या चाळीत असा नमस्कार कुणी कुणाला करत नाही. परदेशी पाहुणे करतात तसा होता तो. बस दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच उभा होता.